कपाळावरच्या आठ्या आणि सुई
परभणी जिल्ह्यातील बोरीच्या शिवारात वर्षानुवर्षे उन्हात कापूस वेचणाऱ्या आजीच्या आठ्या ती स्वस्थ बसली तरी जात नाहीत. तुमच्या मात्र लगेच मिटतात. असे का? कोवळ्या त्वचेला कोलॅजनचे तंतू ताणून धरतात. वयामुळे आणि अतिनील किरणांमुळे ते विरतात.

आठ्यांसाठी चक्क एका जिवाणूचे विष टोचतात! अत्यल्प बोट्युलिनम मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप अडवते. स्नायू तीन-चार महिने सैल राहतो. अमेरिकेत ते १९८९ साली तिरळेपणासाठी मान्य झाले, आठ्यांसाठी २००२ मध्ये. विशीत घडी आपणच मोडते, तिथे सुईला काम कोणते? साठीतली रुतलेली घडी स्नायू सैल करूनही पुरती जात नाही. काही ठिकाणी हायल्युरॉनिक आम्लाचा भराव घालतात. तो चुकून रक्तवाहिनीत शिरला तर दृष्टीही जाऊ शकते.