पूररेषा
ठरावीक प्रमाणाचा पूर आल्यास नदीचे पाणी कोठवर पोहोचेल, हे नकाशावर दर्शविणाऱ्या रेषेस पूररेषा म्हणतात. महाराष्ट्रात सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध, तर दोन्ही रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र होय.

‘१०० वर्षांचा पूर’ शतकातून एकदाच येतो, हा समज चुकीचा आहे. त्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते. त्यामुळे लाल रेषेवरील घरात ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबास तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेवर ती सुमारे ७१ टक्के होते.

समुद्राजवळच्या उपनगरांत धोका वाढतो, कारण भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याचा निचरा खुंटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच भरती आली आणि मिठी नदीकाठच्या कुर्ला परिसरात घरे पाण्याखाली गेली.

सातबारा उतारा जमिनीची मालकी व क्षेत्र सांगतो. पुराची पातळी सांगत नाही. म्हणून नदीकाठी घर घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहणे आवश्यक ठरते.