कोळसा संपल्यावर

आमच्या सुलतानपूरच्या पंचक्रोशीत कोळसा नाही. येथे काळा बेसाल्ट आहे आणि जवळच लोणारचे सरोवर आहे. तरीही कोळशाशी आमचे नाते आहेच. आपल्या राज्याची पुष्कळ वीज पारस, चंद्रपूर, कोराडी येथे कोळसा जाळूनच तयार होते. शिवाय माझी आत्या वणी तालुक्यात दिलेली आहे. तिचे वावर खाणीत गेले आणि त्याच्या बदल्यात आतेभावाला नोकरी मिळाली. गेल्या दिवाळीत तो मला म्हणाला, "बापू, ही खाण सरली की मला दुसरीवर धाडतील. पण पोराले काय देऊ? वावरबी नाही अन् खाणबी नाही!" या प्रश्नामुळेच मी हा लेख लिहावयास घेतला.

देशातील कोळसा आजच बंद होणार आहे असे नाही. २०२४-२५ मध्ये उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. मात्र २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगो येथे दिले आहे; आणि धोरण काहीही असो, प्रत्येक खाण एक दिवस संपतेच.

खुली खाण संपली म्हणजे मागे दोन गोष्टी उरतात : माती-दगडांचे डोंगर आणि पाण्याने भरलेला खोल खड्डा. वरची सुपीक माती प्रथमच वेगळी राखली असेल तर ढिगाऱ्यांना पायऱ्या पाडून, ती माती पसरून, आधी गवत व मग झाडे लावता येतात. ती माती खाली गाडली गेली तर मात्र पुढचे सारे काम अवघड होते. या कामासाठी २००९ च्या नियमांनी खाणमालकास बँकेत ठेव ठेवणे बंधनकारक केले. खुल्या खाणीस हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीस १ लाख रुपये.

आपल्या विदर्भात काही प्रयोग झाले आहेत. गोंडेगावच्या ढिगाऱ्यातून वेस्टर्न कोलफील्ड्सने वाळू वेगळी काढून ती घरबांधणीस दिली. सावनेरला इको-पार्क करून पर्यटकांना खाणीचे जग दाखविले. हे स्तुत्यच आहे. परंतु शेत शेतकऱ्याकडे परत येत नाही. १९५७ च्या कायद्याने घेतलेली जमीन खाण संपल्यावर अन्य कामांसाठी भाड्याने देण्याची मुभा २०२२ च्या केंद्रीय धोरणाने दिली. मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहिली.

जर्मनीतील रूर प्रदेशात १९५८ पासून खाणी बंद पडू लागल्या, आणि देशातील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटली. म्हणजे साठ वर्षे लागली! तेथील त्सोलफेराइन खाण १९८६ साली बंद झाली; आज ती जागतिक वारसास्थळ आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. खाणी बंद पडत असतानाच, १९६५ साली, बोखुम येथे विद्यापीठ सुरू झाले. त्या कोळसापट्ट्यातले ते पहिले नवे विद्यापीठ. शेवटच्या खाणीची वाट पाहत कोणी थांबले नाही.

आपल्याकडे ठेव हेक्टरांवर मोजली गेली, माणसांवर नाही. ढिगाऱ्यावर झाड लावण्याइतकीच खाणकामगाराच्या मुलाच्या शिक्षणाची तजवीज खाण चालू असतानाच व्हावयास हवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पायरी जवळ असली तरच ती चढता येते, हे मी अनुभवाने सांगतो. आतेभावाच्या मुलासाठी ती पायरी वणीजवळ कोणी बांधील काय?