घरचं वायफाय: कुणाला परवडतं, कुणाला नाही



हळदीचे भाव सकाळी टाकलेत. हा मेसेज भावाचा नाही, पण पैशाचाच आहे. जरा लांब आहे, सवडीनं वाचा आणि घरातल्या पोरांनाही वाचायला द्या.

गेल्या महिन्याभरात ऑफिसात एकच प्रश्न घेऊन बरेच जण आले: "गावात फायबर आलंय, चारशे रुपयात महिनाभर नेट देतो म्हणायलेत. घ्यावं का?" कुणाला सरसकट हो किंवा नाही सांगता येत नाही. ते घरात फोन किती, त्यावर आहे. म्हणून आधी हिशेब मांडू.

*वर्षाचा खर्च काढा, महिन्याचा नको*

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले. रोज दीड जीबीचा जिओचा २३९ चा पॅक २९९ ला गेला. पॅक २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात १२ नाही, १३ वेळा रिचार्ज करावा लागतो. एका फोनचे झाले ३,८८७ रुपये. आई-वडील, मुलगा, सून असे चार फोन धरले तर १५,५४८ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे. म्हणजे जवळपास तीन क्विंटल सोयाबीन नुसतं रिचार्जमध्ये जातं.

आता घरचं कनेक्शन. बहुतेक कंपन्यांचा साधा, खालचा प्लॅन ३९९ च्या आसपास असतो. जाहिरातीत ३९९ दिसतं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बिल ४७१ चं येतं. वर्षाचे झाले साधारण ५,६५०.

इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते. वायफाय घेतलं म्हणजे १५ हजार वाचले असं नाही. नंबर चालू ठेवायला फोनला रिचार्ज लागतोच. पण एक सोय झाली आहे, ती अजून पुष्कळांना माहीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की नेट नको असलेल्या माणसाला फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्या. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले, ८४ दिवसांना साधारण साडेचारशे रुपये. वर्षाला एका फोनचे दोन हजारांच्या आत बसतात. ओटीपी एसएमएसनं येतो, त्यामुळे बँकेचं काम अडत नाही.

म्हणजे एका फोनमागं वर्षाला १,९०० च्या आसपास वाचतात. तीन फोन नेटच्या पॅकवरून कॉलच्या पॅकवर आणले तर वायफायचे पैसे निघतात. दोनच आणले तर अठरा-एकोणीसशे खिशातून जातात. एकही आणला नाही, तर ५,६५० हा सरळ जादा खर्च आहे. दर बदलत राहतात, पण हिशेबाची रीत हीच.

घरात दोनच फोन असतील आणि शिकणारं लेकरू नसेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

आणि घेतलं तरी शेतात जाणाऱ्या एका माणसाचा नेटचा पॅक तोडू नका. ई-पीक पाहणी शेतात उभं राहूनच करावी लागते, घरचं वायफाय तिथं येत नाही.

*वेग किती लागतो?*

३० एमबीपीएस पुष्कळ झालं. यातला 'बी' म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी. सातबाऱ्याची पीडीएफ डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरते. एक जण अभ्यासाचा व्हिडिओ बघतोय, दुसरा व्हिडिओ कॉलवर आहे, तिसऱ्याचं यूट्यूब चालू आहे, तरी भागतं. विकणारा १०० एमबीपीएसचा प्लॅन पुढं करील, त्याचं काम आहे ते.

'अनलिमिटेड'लाही मर्यादा असते. १,००० जीबीपर्यंत पूर्ण वेग, पुढं वेग खाली, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १,००० जीबी म्हणजे रोजचे ३३ जीबी. एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. घरात टीव्ही दिवसभर नेटवर चालत नसेल तर ही मर्यादा गाठत नाही. पण मर्यादेनंतर वेग किती राहतो ते विचारा. सरकारनं जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस ठरवलं आहे. ४ राहत असेल तर चालतं.

*फायबर की हवेतलं?*

फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेडाचे झटके जातात. (आपल्या औंढा तालुक्यात लायगोचा प्रकल्प होतोय, तिथंही चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेझरचा उजेडच सोडायचा आहे. आपल्या घरच्या तारेचं काम मात्र साधं आहे.) तार काचेची असल्यानं जोरात वाकवली की उजेड बाहेर सांडतो आणि नेट मंदावतं. जोडणारा माणूस तार दाराच्या फटीतून किंवा खिळ्याला आवळून नेत असेल तर तिथंच थांबवा.

एअरफायबर म्हणजे तार नाही, गच्चीवर डबा बसवून टॉवरवरून नेट घेतात. २०२३ मध्ये जिओनं सुरू केलं तेव्हा सगळ्यात खालचा प्लॅन ५९९ अधिक जीएसटी होता. म्हणजे फायबरपेक्षा महाग. शिवाय टॉवर जवळ हवा. डोंगरापलीकडच्या गावांत आधी फोनवर फाइव्ह-जी दिसतं का बघा. दिसत नसेल तर पैसे भरू नका.

ज्यांचं राहणं आखाड्यावर आहे त्यांनी शेवटच्या खांबापासून अंतर मोजून घ्या. जादा तारेचे पैसे मीटरवर लावतात आणि ते आधी कुणी सांगत नाही.

ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी आहे, मग घरी फुकट मिळत नाही का, असंही विचारतात. नाही मिळत. ही योजना २०११ साली मंजूर झाली ती ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्यासाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची सुधारित योजना आली, तिच्यात गावातल्या घरांपर्यंत कनेक्शन द्यायचं ठरलं. पण घरासाठी महिन्याचं बिल आहेच. आपल्या पंचायतीची पेटी चालू आहे का, हे ग्रामसेवकाला जरूर विचारा. बऱ्याचदा तिला लाइटच नसते.

*कंपनीपेक्षा माणूस बघा*

हे आम्ही स्वतः पैसे घालवून शिकलो. ऑफिसला कनेक्शन घेतलं तेव्हा सहा महिने आगाऊ भरले तर एक महिना फुकट, असं सांगितलं होतं. भरले. तिसऱ्या महिन्यात नालीच्या कामाला आलेल्या जेसीबीनं तार तोडली. नेट १७ दिवस बंद. ज्यानं पैसे नेले तो फोन उचलेना, कंपनीच्या नंबरवर मशीन बोलायचं. नेमके सोयाबीनचे दिवस. तुमच्यापैकी काही जणांची पट्टी तेव्हा उशिरा निघाली, ती याच पायी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या गावात त्याच कंपनीचं नेट झकास चालतं. फरक तार जोडणाऱ्या माणसाचा आहे. खेड्यात बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच सांभाळतात.

म्हणून पैसे भरण्याआधी गावातल्या दोन-तीन जुन्या ग्राहकांना एवढंच विचारा: मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी आला? त्यावरूनच ठरवा. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला भरा, कितीही सवलत दाखवली तरी. ओएनटी, म्हणजे भिंतीवरचा डबा, विकत आहे, भाड्यानं आहे की अनामत रकमेवर आहे ते पावतीवर लिहून घ्या. अनामत परत मिळते, पण पावती असली तर.

बंद पडलं की आधी डबा बघा. एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर तार तुटली आहे, डबा बंद-चालू करून उपयोग नाही. तक्रार कंपनीच्या नंबरवर करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. नुसतं वायरमनला सांगितलेलं कागदावर येत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर बिलात सूट मागा, तसा ट्रायचा नियम आहे. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीकडं अपील करता येतं. ट्रायकडं थेट तक्रार पाठवू नका, ते एकेकाची तक्रार घेत नाहीत.

*लाइट आणि भिंती*

गावठाण फिडरची लाइट गेली की वायफाय गेलं, मोबाइलसारखं नाही. डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतो. त्याला लावायचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो आणि दोन-तीन तास काढतो. हा खर्च आधीच धरा. विजा कडाडत असतील तेव्हा डब्याची पिन काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण बोर्डातून येते.

माळवदाच्या जाड भिंती आणि पत्रे वायफाय अडवतात. डबा कोनाड्यात किंवा टीव्हीमागं लपवू नका, मधल्या खोलीत उंचावर बसवा. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि नवा पासवर्ड गल्लीभर वाटू नका. तुमच्या कनेक्शनवरून कुणी उद्योग केले तर पहिली विचारणा तुमच्याकडं होते.

एक फायदा जाहिरातीत कमी दिसतो. घरात रेंज येत नाही म्हणून अंगणात जाऊन बोलावं लागतं ना? फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. जिओ आणि एअरटेलचे कॉल मग घरच्या नेटवरून लागतात, वेगळे पैसे नाहीत. मात्र फोनमध्ये ती सोय आहे का, ते आधी बघा.

एका गावातून दहा-पंधरा घरं एकत्र आली तर जोडणीचे पैसे कमी करून मागता येतात, आणि तार तुटल्यावर माणूसही लवकर येतो. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी या मेसेजला उत्तर म्हणून 'फायबर', गावाचं नाव आणि घरातल्या फोनची संख्या लिहून पाठवा. गावनिहाय यादी आम्ही करून देऊ. आपली कंपनी यात कुणाकडून कमिशन घेत नाही, बोलणी तुमची तुम्हीच करायची.