पोटावरची चरबी आणि यकृताचे दुखणे



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. गट ऑफिसात नोंदीला येणारे काही सभासद अलीकडे सोनोग्राफीचे कागद दाखवतात. त्यावर 'फॅटी लिव्हर' लिहिलेले असते. "साहेब, आम्ही दारूला शिवत नाही, मग लिव्हर बिघडलं कसं?" असे विचारतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण प्रश्न रास्त वाटला म्हणून माहिती जमवली, ती देतो.

युरियाचा मारा झालेला ऊस तुम्ही पाहिला आहेच. काळपट हिरवागार दिसतो, येणारा-जाणारा वाखाणतो, आणि पुढे तोच लोळतो, किडीलाही तोच आधी बळी पडतो. शरीराचे काहीसे असेच आहे. खाणे जास्त आणि हालचाल कमी झाली की उरलेले चरबी होऊन साठते. कातडीखाली, पोटात आणि यकृताच्या पेशींतही. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून रक्तात अशी द्रव्ये सुटतात की आत बारीक दाह सतत धुमसत राहतो. यकृताच्या पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हा मरतात. वर्षानुवर्षे हे चालले की यकृतावर वण धरतात आणि एखादी नवी पेशी बिघडून कर्करोगाची होऊ शकते. कधी कधी वण पुरते धरण्याआधीच तसे होते.

अशा बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या राखणदार पेशी रक्तात असतात. त्यांतल्या एका जातीला 'नॅचरल किलर' म्हणतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१८ साली दाखवले की लठ्ठ माणसाच्या या पेशींतच चरबी भरते. मग त्या कर्करोगाच्या पेशीला जाऊन भिडतात, पण मारण्याचे काम त्यांच्याने होत नाही. राखणदार बांधावर उभा, डुक्कर समोर दिसतेय, पण हातातली काठी उचलत नाही, असा प्रकार! लसीचेही तसेच. कावीळ-बची लस लठ्ठ माणसांना कमी लागू पडते, हे अमेरिकेत १९८५ सालीच आढळले होते. आणि ही कावीळ म्हणजे यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण. (म्हणून लस टाळावी असा अर्थ कुणी काढू नये. लस घ्यावीच.)

अमेरिकेत सुमारे ९ लाख लोकांची १६ वर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ साली आले. अतिलठ्ठ पुरुषांत यकृताच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण बेताच्या वजनाच्या पुरुषांपेक्षा साडेचार पट निघाले. तरी घाबरून जाऊ नये. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. जोडीला मधुमेह असेल तर धोका वाढतो, दारू असेल तर आणखी वाढतो.

आता थोडे अडचणीचे. साखर हा आपला माल, उसाची बिले तिच्यावरच निघतात. तरी खरे ते सांगितले पाहिजे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो आणि जास्त झाले की तिथेच त्याची चरबी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला शक्यतो २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, एवढीच साखर सुचवली. चार कप गोड चहात ती संपते. गूळ कितीही खाल्ला तरी चालतो, ही समजूतही खरी नाही. सवलतीची साखर घरी आली म्हणजे लगेच संपवलीच पाहिजे असे नाही.

बेंबीच्या रेषेत टेप लावून पहा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या वर असेल तर वजन उतरवायला हवे. ८० किलोच्या माणसाने सावकाश ६ ते ८ किलो उतरवले तरी यकृतातली चरबी आणि दाह बराच कमी होतो. हल्ली मोटर मोबाइलवरून चालू होते, त्यामुळे रानातली फेरी बंद पडली आहे. ती पुन्हा सुरू करावी. रिपोर्टवर फॅटी लिव्हर आलेच असेल, तर रक्तातली साखर आणि कावीळ-ब व क यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.