बंद मोटारीतील बिऱ्हाडे

वारसाहक्काच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाड्याच्या पडवीत कुलूपबंद राहिलेली, किंवा मुद्देमाल म्हणून जप्त होऊन ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार मनुष्यास निरुपयोगी झाली, तरी ऊन, पाऊस आणि शत्रू या तिन्हींपासून एकाच वेळी संरक्षण देणारे तसे स्थान प्राण्यांना क्वचितच लाभते. प्रथम येतो उंदीर; त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे कुरतडल्यावाचून त्याला गत्यंतर नसते, आणि गादीतील काथ्याचे घरटे करताना तारांवरील आवरणही तो सोडीत नाही. त्याच्या मागावर धामण येते.

परंतु या सर्वांत मला कुंभारीण माशीचे कौशल्य विशेष विस्मयकारक वाटते. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणीत ती सुकाणूचक्राच्या दांड्याखाली चिमुकल्या कोठड्या बांधते, प्रत्येक कोठडीत नांगीने बधिर केलेले, तरीही जिवंत असे कोळी भरते, त्यांच्यासोबत एक अंडे ठेवते आणि कोठडीचे तोंड लिंपून निघून जाते. अळी जन्मते तेव्हा ताजे अन्न तिच्यापुढे तयार असते.

म्हणून अशी मोटार चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून नीट पाहावे. धामण बिनविषारी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे. कोणताही साप आढळल्यास काठी न उचलता वनखात्यास कळवावे. पक्ष्याचे घरटे आढळून त्यात पिल्ले असल्यास ती उडून जाईपर्यंत थांबावे. उंदरांच्या मलमूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग संभवतात, यास्तव हातमोजे घालून व जंतुनाशक शिंपडूनच सफाईस आरंभ करावा.