सिरोंच्याची वीज आणि भट्टीचे शास्त्र

प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते त्या सिरोंच्यात पावसाळी वाऱ्याने एखादे झाड तारेवर आडवे झाले, की गाव अंधारात बुडते. विद्यार्थी पुस्तक मिटतो, कारकून मेणबत्ती शोधतो आणि सारे सकाळची वाट पाहतात. दिव्याला एवढे सोसते; भट्टीला सोसत नाही. गडचिरोलीचे लोहखनिज गडचिरोलीतच वितळावे ही अपेक्षा रास्त आहे. परंतु भट्टी खनिजाच्या राशीशेजारी आपोआप उभी राहत नाही, हेही एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

या भागाला तो धडा एकदा मिळालेला आहे. चांदा जिल्ह्यातील लोहखनिजासंबंधी रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, वरोऱ्याची कोळशाची खाण फारशी दूर नाही. मग अडचण कोणती? वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासण्यात आला आणि तो लोखंड गाळण्यास निरुपयोगी ठरला. बेत तेथेच थांबला. पुढे तो साकार झाला तो साकचीच्या रानात. त्याआधी कित्येक पिढ्या याच चांद्याच्या जंगलात मातीच्या लहान भट्ट्यांत, लोणारी कोळसा घालून आणि कातडी भाता चालवून लोखंड काढले जात असे. भात्याचा दम जेवढा तेवढी भट्टी.

झोतभट्टीत कोळशाला तीन कामे करावी लागतात. तो जळून उष्णता देतो, खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि वर रचलेल्या खनिजाचा भार न चुरता पेलतो. विजेच्या भट्टीत पहिले काम वीज करते, तिसरे बरेच हलके होते आणि कार्बन लागतो तो मुख्यतः दुसऱ्यासाठी. भट्टीत घालण्याच्या लायकीचा नसलेला कोळसाही वीजघरात जाळता येतो व त्याची उष्णता तारेवाटे भट्टीत आणता येते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. १९७४ साली स्थापन झालेली आणि १९८६ मध्ये स्टील ऑथॉरिटीकडे गेलेली महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी चंद्रपुरातच विजेवर फेरोमँगॅनीज गाळू लागली. २०११ मध्ये ती स्टील ऑथॉरिटीत विलीन झाली. जमशेटजींना अडलेली वाट अशी आडमार्गाने खुली झाली.

उष्णता निर्माण करणे हा या शास्त्रातील त्यामानाने सोपा भाग होय. लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या १६०० अंशांच्या आसपास आणि मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या १८०० पर्यंत चालतात. त्यापलीकडे ग्रॅफाइट किंवा टंगस्टन लागते, आणि तेही हवा वगळून. खनिज गाळणाऱ्या मोठ्या भट्टीत तारा नसतातच. तीन जाड कार्बन इलेक्ट्रोड कच्च्या मालात रुतलेले असतात आणि प्रवाह त्या मालातूनच वाहतो. चंद्रपूरच्या ३३ मेगाव्होल्ट-अँपिअरच्या भट्टीसारख्या भट्टीत दाब दीड-दोनशे व्होल्टच असतो, पण प्रवाह लाखाच्या घरातील अँपिअरचा. घरातील इस्त्री चार-पाच अँपिअर घेते.

अभियंत्याची खरी परीक्षा येथे सुरू होते. एवढा प्रवाह वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि ते प्रवाहाला अडवू लागते. म्हणून रोहित्रे भट्टीला खेटून ठेवावी लागतात आणि जाणाऱ्या व येणाऱ्या पट्ट्या एकमेकींलगत न्याव्या लागतात. भट्टी मोठी केली की मालाचा विद्युतरोध घटतो, ही चुंबकीय अडवणूक मात्र त्या प्रमाणात घटत नाही. परिणामी रोहित्राची शक्ती पुरेपूर वापरता येत नाही. लहान भट्टीचा आराखडा दुप्पट मोजमापाने काढला की मोठी भट्टी तयार होते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो भट्टी बांधण्यापूर्वीच सोडावा.

अस्तराचीही तीच कथा. विटा तापल्यावर फुगतात. सांधा घट्ट ठेवला तर त्या फुटतात, सैल ठेवला तर फटीतून धातू झिरपतो. तळाशी कार्बनचे ठोकळे घालतात. भिंतीची उष्णता अशा बेताने काढून घेतात, की आतल्या बाजूस मालाचाच एक थर थिजून राहावा आणि त्यानेच भिंत राखावी.

इलेक्ट्रोडचा प्रकार याहून विलक्षण. सोडरबर्ग पद्धतीत पोलादी नळकांड्यात कार्बनचा लगदा भरतात. तो खाली सरकता सरकता भट्टीच्याच आचेने भाजून कठीण होतो. वीज गेली की ही भाजणी थांबते. निवणाऱ्या इलेक्ट्रोडला तडे जातात, आणि वीज परतली तरी प्रवाह हळूहळू चढवावा लागतो. घाई केली तर इलेक्ट्रोड मोडतो. काही तासांच्या अंधाराची भरपाई अशी कित्येक दिवस चालते.

विजेची भूकही लहान नाही. एक टन फेरोमँगॅनीजला साधारण अडीच ते तीन हजार युनिट लागतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या शिक्षकाचे घर तेवढ्यात दोन वर्षे चालेल. तरीही सिरोंच्यापर्यंत एवढी वीज येणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. नदीपलीकडे तेलंगणात कन्नेपल्लीला कालेश्वरम प्रकल्पासाठी एकेक ४० मेगावॉटचे पंप बसविण्यात आले. असा एक पंप म्हणजे विजेच्या हिशेबाने जवळपास चंद्रपूरची एक मोठी भट्टी. पलीकडच्या तीरावर उच्चदाबाच्या वाहिन्या गेल्या, कारण त्या नेण्याचे ठरले होते.

तारेइतकाच प्रश्न माणसांचा आहे. सुरजागडचे खनिज निघते आहे, कोनसरीला स्पंज लोखंडाचा कारखाना झाला आहे. स्पंज लोखंडाचे पोलाद करावयाचे तर पुढची पायरी बहुधा विजेच्या भट्टीचीच. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून. सिरोंच्याचा मुलगा त्या भट्टीवर मालाच्या गाड्या रित्या करणार की इलेक्ट्रोडमधील अंतर ठरविणार, हे या संस्था अस्तर, रोहित्र आणि इलेक्ट्रोड यांचे शिक्षण चालत्या भट्टीशेजारी देतात की केवळ फळ्यावर, यावर ठरेल. चालती भट्टी चंद्रपुरातच आहे. सिरोंच्याहून अंतर सुमारे दोनशे किलोमीटर.