बुरांशाची शाल

कुमाऊंच्या डोंगरांत चैत्र संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्याला, मुले प्योलीची पिवळी आणि बुरांशाची तांबडी फुले घेऊन घरोघर उंबऱ्यांवर वाहत जातात, त्या फूलदेईच्या सुमारास बांज वृक्षांच्या काळपट हिरव्या अरण्यात बुरांश असा काही पेटतो, की तो वसंत लोकरीत उतरवावयाचा म्हटले म्हणजे प्रथम लाल रंगाचाच मोह पडतो. मी तो निग्रहाने टाळून बारीक, पांढुरकी मेरिनो लोकर घेतली. कारण जाळीच्या विणीत आकृती रंगाने नव्हे, रित्या जागेने उमटते, आणि गडद वा ठिपकेदार लोकर त्या जागेची रेखा पुसून टाकते, असे माझे ठाम मत आहे.

शाल त्रिकोणी. मानेपाशी मोजके टाके घालून आरंभ करावयाचा, आणि प्रत्येक सुलट सुईला दोन्ही कडांशी व मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांस एकेक, असे चार टाके वाढवीत जावयाचे. उलट सुई मात्र साधी. खरे कौशल्य आहे ते पानाफुलांच्या नक्षीच्या जमाखर्चात. लोकर पुढे घेऊन सुईवर वेढा टाकला की छिद्र पडते आणि एक टाका जमा होतो. तो दोन टाक्यांचा एक करून खर्ची टाकावा लागतो, परंतु हा खर्च कोठे आणि कोणत्या कलाने टाकावा, यावरच पानाचे पानपण अवलंबून असते. दोन टाके सरळ एकत्र विणले तर वीण उजवीकडे झुकते. तेच एकेक उतरवून, फिरवून, मागच्या बाजूने विणले तर डावीकडे. छिद्राच्या लगत ही घट घेतली तर पानाची कड रेखीव येते. चार टाके दूर घेतली, तर मधले टाके तिरपे वळून बुरांशाच्या लांबट, जाड पानावरील शिरांचा स्पष्ट भास होतो. टोकाशी तीन टाक्यांचा एक केला की पान मिटले. दर नक्षीअखेर टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेवावा, म्हणजे पुढे एखादा टाका सुटला तरी उसवण्यास हद्द राहते.

सुईवरून उतरलेली शाल आक्रसलेली, गचाळ दिसते. तिच्यात ना पान ओळखू येते ना घंटेसारखे फूल. ती कोमट पाण्यात भिजवून, पंच्यात गुंडाळून, न पिळता दाबून, सतरंजीवर ताणून टोकाटोकाला न गंजणाऱ्या टाचण्या लावाव्या लागतात, आणि हे काम घाईने उरकणाऱ्याने जाळीच्या वाटेस जाऊच नये. ओली लोकर हा ताण मान्य करते व वाळताना तोच आकार धरून ठेवते. ॲक्रिलिक धाग्याला हे नीटसे साधत नाही. अर्थात पुन्हा पाणी लागले की शाल पुन्हा आखडते, सबब दर धुण्यानंतर हीच तजवीज करणे प्राप्त आहे, आणि म्हणून जिला ही शाल द्यावयाची, तिला मी टाचण्यांची डबीही देणार आहे.